वाचकांचे प्रश्न : ग्रोथ हॉर्मोन वाढवणारी पेप्टाइडं

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आहेत. तालमीतून, जिममधून आणि दोन घरांतूनही आलेली. ग्रोथ हॉर्मोन बाहेरून न घेता शरीरालाच ते जास्त सोडायला लावणारी इंजेक्शनं आणि गोळ्या हा तो विषय. त्यातली बहुतेक पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण आखूड साखळ्या. सात पत्रं घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

आमच्या तालमीत सतरा ते बावीस वर्षांची पोरं आहेत. त्यातली काही जिमलाही जातात आणि सीजेसी, इपा, जीएचआरपी-सिक्स, एमके अशी नावं घेऊन येतात. एक म्हणतो सगळं एकच. दुसरा म्हणतो इपा सौम्य, सीजेसी जोराचं, आणि दोन्ही मिळून घेतलं तर दुप्पट काम. नेमका फरक काय? – एक वस्ताद, येळ्ळूर

वस्ताद, नावं पुष्कळ आहेत, पण त्यांचे ढीग दोनच पडतात. कुठलं नाव कुठल्या ढिगात हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो.

ग्रोथ हॉर्मोन तयार होतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. ते सतत झिरपत नाही, लाटांनी सुटतं. सगळ्यात मोठी लाट रात्री पहिल्या गाढ झोपेत येते. मेंदूतून ग्रंथीला दोन निरोप जातात. 'सोड' म्हणणारा जीएचआरएच आणि 'थांब' म्हणणारा सोमॅटोस्टॅटिन. तिसरा निरोप येतो रिकाम्या जठरातून. तो ग्रेलिन, भुकेचा हॉर्मोन.

पहिला ढीग जीएचआरएचच्या नकलांचा. मूळ जीएचआरएच १९८२ मध्ये हाती लागला, तोही स्वादुपिंडाच्या गाठीतून. ४४ ॲमिनो आम्लांची साखळी. पुढे कळलं की पहिली २९ पुरतात. तेवढाच तुकडा म्हणजे सर्मोरेलिन. अडचण एकच, रक्तातलं डीपीपी-४ नावाचं एन्झाइम साखळीचं टोक लगेच कातरतं. मधुमेहाच्या 'ग्लिप्टिन' गोळ्या ज्याला अडवतात तेच हे एन्झाइम. त्यामुळे सर्मोरेलिनचं अर्धं आयुष्य दहा-बारा मिनिटांचं. अर्धं आयुष्य म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ.

मग ही कातर चुकवायचे उपाय निघाले. टेसामोरेलिनमध्ये पूर्ण ४४ची साखळी ठेवून टोकाला एक आम्ल जोडलं, की वेळ अर्ध्या तासाच्या आसपास जातो. दुसऱ्या उपायात २९च्या साखळीतली चार ॲमिनो आम्लं बदलली. त्यालाच बाजारात 'मॉड जीआरएफ' किंवा 'सीजेसी विदाउट डॅक' म्हणतात. ह्याचा वेळही साधारण तेवढाच. आणि या बदललेल्या साखळीला आणखी एक हुक, म्हणजे डॅक, जोडला की ती रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला जाऊन चिकटते आणि सहा ते आठ दिवस टिकते. हे खरं सीजेसी-१२९५, डॅकसकट. एकाचा मुक्काम अर्धा तास, दुसऱ्याचा आठवडा, आणि दोन्ही कुप्यांवर नाव 'सीजेसी'. पोरं ज्याला जोराचं म्हणतात ते जोराचं नाही, लांबलेलं आहे. अंगाला काही त्रास झाला तर अर्ध्या तासाचं औषध उतरून जातं, आठवड्याचं परत घेता येत नाही.

दुसरा ढीग ग्रेलिनच्या वाटेने जाणाऱ्यांचा. इथं किल्ली आधी घडली आणि कुलूप नंतर सापडलं. जीएचआरपी-६ प्रयोगशाळेत बनलं तेव्हा ते ग्रंथीवर कुठं बसतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ती जागा कळली १९९६ मध्ये, आणि तिथं बसणारा शरीरातला मूळ हॉर्मोन, म्हणजे ग्रेलिन, जपानी संशोधकांना १९९९ मध्ये उंदराच्या जठरात मिळाला. या ढिगात जीएचआरपी-६, जीएचआरपी-२, हेक्झारेलिन आणि इपामोरेलिन. फरक सांगायचे तर ते इथं आहेत.

जीएचआरपी-६ घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांत कडकडून भूक लागते. वजनगट पाळणाऱ्या पैलवानाला ही भूक म्हणजे आयतं संकट. जीएचआरपी-२ भुकेला थोडं कमी, ग्रोथ हॉर्मोनला जास्त, पण सोबत कॉर्टिसोल (ताणाचा हॉर्मोन) आणि प्रोलॅक्टिनही (दूध उतरवणारा हॉर्मोन) वर ढकलतं. जपानमध्ये ते २००४ पासून मान्य आहे, ते मात्र ग्रंथी काम करते का हे तपासण्यासाठी. एकदा टोचायचं आणि रक्त घ्यायचं. हेक्झारेलिन या चौघांत सगळ्यात तीव्र, पण ग्रंथी त्याला लवकर कंटाळते. वयस्कांना रोज दोनदा १६ आठवडे देऊन पाहिलं तेव्हा प्रतिसाद उतरत गेला आणि बंद केल्यावर काही आठवड्यांनी परत चढला.

इपामोरेलिनला सौम्य म्हणतात ते एका अर्थी बरोबर. १९९८ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात त्याने कॉर्टिसोल फारसं न हलवता ग्रोथ हॉर्मोन वाढवलं. 'स्वच्छ' ही कीर्ती तिथून आली. माणसांत त्याची खरी परीक्षा झाली ती आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोट लवकर चालू व्हावं म्हणून, आणि तिथं ते नुसत्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. पुढे औषध म्हणून ते कुठं उभं राहिलं नाही. सौम्य असणं आणि उपयोगी असणं या दोन गोष्टी आहेत.

एमके-६७७ पेप्टाइड नाहीच. ते ग्रेलिनच्याच जागेवर बसणारं, तोंडाने घ्यायचं साधं रसायन आहे. त्याचा परिणाम पुरता दिवसभर राहतो. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

आता 'दोन्ही मिळून दुप्पट'. पोराने सांगितलेलं यात खरं आहे. एका ढिगातलं आणि दुसऱ्या ढिगातलं एकत्र दिलं तर लाट बेरजेपेक्षा मोठी येते, कारण एक ग्रंथीला 'सोड' म्हणतं आणि दुसरं 'थांब' म्हणणाऱ्याला गप्प करतं. एकाच ढिगातली दोन घेतली तर हे होत नाही. पण लाट मोठी आली म्हणजे ताकद आली, हे गृहीत धरलेलं आहे, मोजलेलं नाही. खुद्द ग्रोथ हॉर्मोन रोज २ मिलिग्रॅम आठ आठवडे हौशी खेळाडूंना देऊन २०१० मध्ये मोजमाप झालं. चरबी उतरली, 'मांस' वाढल्यासारखं दिसलं पण ते बरंचसं पेशींबाहेरचं पाणी होतं. छोट्या धावेच्या क्षमतेत जवळपास ४ टक्के फरक पडला. वजन उचलायच्या ताकदीत फरक नाही. थेट हॉर्मोनची ही गत, तर तो सोडायला लावणाऱ्यांकडून जास्त कशाला मागायचं?

विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबून विहिरीतलं पाणी वाढत नाही. शिवाय पाणी जास्त चढलं की वरची टाकी आपोआप मोटार बंद करते. ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन सोडतं; ते वाढलं की मेंदू 'थांब'चा निरोप वाढवतो. डॅकवाल्या सीजेसीत गंमत अशी की लाटा राहतात, पण दोन लाटांमधली ओहोटी ओहोटी राहत नाही, ती पातळी कित्येक पट वर बसते. २००६ मध्ये एकाच टोचणीनंतर आयजीएफ-१ नऊ ते अकरा दिवस चढलेलं आढळलं. त्याच वर्षी एका चाचणीतला रुग्ण दगावल्यावर त्याचं काम थांबलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो मृत्यू जुन्या हृदयविकाराचा मानला होता, पण औषध पुढे गेलं नाही.

औषध म्हणून ज्यांनी परवाना मिळवला ती वेगळीच. सर्मोरेलिन अमेरिकेत १९९७ मध्ये मुलांसाठी मान्य झालं आणि २००८ मध्ये कंपनीने विकणं बंद केलं. टेसामोरेलिन २०१० मध्ये, एचआयव्ही असलेल्यांच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी, रोज २ मिलिग्रॅम. २६ आठवड्यांत आतली चरबी साधारण १५ टक्के उतरते, आणि औषध थांबलं की परत येते. ॲनामोरेलिन जपानमध्ये २०२१ मध्ये, कर्करोगाने खंगणाऱ्यांची भूक परत यावी म्हणून. कॅप्रोमोरेलिन तर भूक गेलेल्या कुत्र्यांसाठी, २०१६ मध्ये. पोरं जी नावं घेतात, त्यातलं एकही बळकटीसाठी कुठल्याही मोठ्या औषध-नियामकाने माणसांना मान्य केलेलं नाही. हे एवढं तालमीच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

वय ३६. सहा महिने रोज रात्री एमके-६७७ ची कॅप्सूल घेतली. वजन ४ किलोंनी वाढलं. सकाळी उठल्यावर हाताच्या बोटांना मुंग्या येतात. उपाशीपोटी साखर आधी ९२ असायची, आता ११४ आली. कॅप्सूलमुळे की वयामुळे? – शहापूर, बेळगाव

तिन्ही गोष्टी एका कारणाने जुळतात आणि ते कारण वय नाही.

ग्रोथ हॉर्मोन वाढलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, मिठाबरोबर पाणी. पहिल्या महिन्यांतलं वजन मुख्यतः हे पाणी आणि वाढलेल्या खाण्याचं. रात्री अकराला उठून कुंद्याचा डबा उघडायला लावते ती ग्रेलिनचीच भूक. मनगटातल्या बोळातून हाताची मुख्य नस जाते. तिथल्या ऊती पाण्याने फुगल्या की नस दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट झोपेत बधिर होतं. करंगळीला मुंग्या येत नसतील तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त. साखरेचं म्हणाल तर ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

या रसायनावरचा चांगला अभ्यास साठीच्या पुढच्या निरोगी माणसांवर झाला, रोज २५ मिलिग्रॅम. वर्षभरात चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलो वाढलं. ताकद वाढली नाही. उपाशीपोटी साखर सरासरी ५ मिलिग्रॅमने चढली. तुमची २२ने चढली आहे. म्हणजे कदाचित घरात मधुमेह असेल, किंवा कॅप्सूलमध्ये लिहिल्यापेक्षा जास्त असेल, किंवा दोन्ही. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरची दुसरी चाचणी हृदय निकामी होण्याच्या घटना दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली.

कॅप्सूल आज बंद करा. त्याच आठवड्यात एचबीए१सी, उपाशीपोटी साखर, आयजीएफ-१ आणि रक्तदाब. आयजीएफ-१ चा आकडा वयोगटाच्या हिशेबाने वाचायचा असतो, तेव्हा अहवालावर वय बरोबर आहे ना ते बघा. उपाशीपोटी साखर चार आठवड्यांनी परत. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांची सरासरी दाखवते, ती लगेच उतरणार नाही, तिला तीन महिन्यांनी बघा. घोट्यावर बोट दाबून खळगा राहत असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना कॅप्सूलचं नाव सांगा. न सांगितल्यास ते मधुमेहाची गोळी सुरू करतील, आणि ती कदाचित लागणारच नव्हती.

मुलगी ८ वर्षांची, वजन २० किलो. वर्षाला साडेतीन सेंटीमीटरच वाढते. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन चाचण्या करून ग्रोथ हॉर्मोन कमी असल्याचं सांगितलं आणि रोज रात्री ०.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. माझे दीर म्हणतात, बाहेरचं हॉर्मोन देण्यापेक्षा सर्मोरेलिन द्यावं, ते शरीराकडूनच बनवून घेतं, नैसर्गिक असतं. दुसरं म्हणजे, गावात लाल टोपीची सिरिंज मिळाली, बेळगावला दिलेली नारिंगी होती. चालेल का? – खानापूर

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण ते आज रात्रीचं आहे. चालणार नाही.

लाल टोपीची सिरिंज यू-४० इन्सुलिनची असते, नारिंगीची यू-१००ची. लालमध्ये १ मिलिलिटरचे ४० युनिट, नारिंगीमध्ये १००. समजा कुपीत ४ मिलिग्रॅम औषध आहे आणि तुम्ही ते १ मिलिलिटर पाण्यात विरघळवलं. ०.६ मिलिग्रॅम म्हणजे ०.१५ मिलिलिटर. नारिंगीत ती १५ युनिटची रेघ. लालमध्ये त्याच १५ युनिटच्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.३७५ मिलिलिटर येतं, म्हणजे दीड मिलिग्रॅम, अडीचपट. लालमध्ये बरोबर मात्रा ६ युनिटच्या रेघेला येते. पण घरात दोन रंगांच्या सिरिंजा ठेवून हा हिशेब रोज रात्री करायचा नाही. एकच रंग ठेवा. तुमच्या कुपीचे मिलिग्रॅम आणि पाणी वेगळं असेल तर रेघही वेगळी. नर्सकडून ती रेघ एका कागदावर काढून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. कुपीवर आययू लिहिलं असेल तर १ मिलिग्रॅम म्हणजे ३ आययू, मुलीचे ०.६ मिलिग्रॅम म्हणजे १.८ आययू. '०.६' आणि '१.८' यांत गल्लत होऊन तिप्पट मात्रा जाते, हे विसरू नका.

पाणी घालताना पावडरीवर थेट धार मारू नका, काचेच्या कडेने हळू सोडा. मग कुपी दोन तळहातांत फिरवा. खळखळून हलवलं की फेस येतो आणि प्रथिनाची घडी मोडते, दिसायला औषध तेच, काम कमी. द्रव स्वच्छ हवा. गढूळ किंवा कण असतील तर टाकून द्या. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश, मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून तर मुळीच नको, कारण एकदा गोठलं की ते परत वितळवून वापरता येत नाही. पावसाळ्यात खानापूरकडं वीज तासन्‌तास जाते. तेवढ्या वेळात फ्रिज उघडू नका, काही तास आतलं गार राहतं. बेळगावहून आणताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड फडकं, मग डबा. कुपी बर्फाला लागता कामा नये. मिसळल्यावर किती दिवस चालतं ते कंपनीगणिक वेगळं, सोबतचा कागद बघा आणि पहिल्या दिवसाची तारीख पेनाने कुपीवर घाला.

टोचायची जागा रोज बदला. डावी मांडी, उजवी मांडी, पोटाची एक बाजू, दुसरी बाजू. एकाच जागी रोज टोचलं तर तिथली चरबी झिजून खळगा पडतो. डोकेदुखी आणि उलटी बरोबर आली, किंवा दिसायला अंधुक झालं, किंवा मुलगी लंगडायला लागली अथवा गुडघा-खुबा दुखतो म्हणाली, तर पुढचं इंजेक्शन न देता डॉक्टरांना फोन.

आता दिरांचं म्हणणं. त्यांचा तर्क वेडगळ नाही. बऱ्याच मुलांत बिघाड ग्रंथीत नसून तिला निरोप देणाऱ्या मेंदूच्या भागात असतो, आणि तिथं जीएचआरएचची नक्कल चालू शकते. म्हणूनच सर्मोरेलिन एके काळी मुलांना देत. पण त्याने उंची ग्रोथ हॉर्मोनइतकी वाढत नव्हती, आणि ग्रंथीच कमकुवत असेल तर अजिबात नाही. शिवाय परवान्याचं सर्मोरेलिन २००८ पासून बाजारात नाही. आज त्या नावाने जे मिळेल ते कुणी बनवलं हे विचारायला कुठं जाणार? 'नैसर्गिक' म्हणाल तर तुम्ही टोचता ते हॉर्मोनही माणसाच्या हॉर्मोनच्या साखळीची १९१ ॲमिनो आम्लांची हुबेहूब प्रत आहे. दर तीन महिन्यांनी उंची एकाच भिंतीवर, एकाच वेळी मोजून लिहून ठेवा. डॉक्टरांना मात्रा ठरवायला त्या वहीसारखं दुसरं काही नाही.

वय १९. सैन्यभरतीला उंची दीड सेंटीमीटर कमी भरते. इपामोरेलिन तीन महिने घेतलं तर वाढेल का? – निपाणी

डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढा, हाडाचं वय विचारा. हाडांच्या टोकांना कूर्चेची पट्टी असते, उंची तिथं वाढते. तुमच्या वयात बहुतेक मुलांची ती मिटलेली असते. मिटलेल्या पट्टीवर कितीही ग्रोथ हॉर्मोन ओता, हाड लांब होत नाही. फार झालं तर जबडा, हात, पाय जाड होतात. पट्टी उघडी असेल तर उशिरा वाढणाऱ्यांपैकी तुम्ही आहात, आणि तिथंही पेप्टाइडचं काम नाही, हॉर्मोनतज्ज्ञाचं आहे.

माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. संध्याकाळी धावून आल्यावर घरी मोजून निराश झाला असाल तर उठल्याउठल्या, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून परत मोजा.

जिममधल्या एकाकडून सीजेसी-इपाची कुपी घेतली. वर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलंय, सोबत ९९ टक्के शुद्धतेचा कागद. आत पांढरी चकती, छान घट्ट. माल खरा आहे हे कसं ओळखायचं? – टिळकवाडी

बघून ओळखता येत नाही. चकती बहुतेकदा औषधाची नसते. पाच मिलिग्रॅम पेप्टाइड म्हणजे चिमूटभरही नाही. तुम्हाला दिसते ती बहुधा मॅनिटॉलसारखी भरणाची साखर. चकती घट्ट असणं म्हणजे वाळवायचं यंत्र बरं चाललं, एवढंच.

कागदाचं असं, की ९९ टक्के म्हणजे पेप्टाइडमध्ये इतर पेप्टाइडची भेसळ किती, त्याचं उत्तर. कुपीत एकूण किती मिलिग्रॅम आहे याचं उत्तर त्यात नाही. जंतू आहेत का, याचं नाही. मेलेल्या जंतूंच्या कवचाचं विष, एंडोटॉक्सिन, आहे का, याचंही नाही, आणि टोचल्यावर तासा-दोन तासांत हुडहुडी भरून ताप येतो तो बऱ्याचदा त्याचा. कागदावरचा बॅच क्रमांक कुपीवरच्याशी जुळतो का ते बघा. बहुतेकदा कुपीवर तो नसतोच. आणि त्यात सीजेसी डॅकचं की बिनडॅकचं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही. अर्ध्या तासाचं समजून रोज टोचलेलं आठवड्याचं निघालं तर दहाव्या दिवशी अंगात किती साठलं याचा हिशेब कुणी मांडायचा?

'संशोधनासाठी' हे शब्द ग्राहकाला सावध करायला नसतात, विकणाऱ्याला सोडवायला असतात. कुपी उघडू नका. टोचून झालं असेल आणि जागा लाल, गरम, टणक झाली असेल तर शेकत बसू नका, दाखवा.

राज्य पातळीवर कुस्ती खेळतो. स्पर्धेच्या किती दिवस आधी बंद केलं तर लघवीत सापडत नाही? – नाव नको

तो हिशेब इथं मांडला जाणार नाही. नियम काय ते सांगतो.

वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत हे दोन्ही ढीग नावानिशी आहेत. सीजेसी-१२९५, सर्मोरेलिन, टेसामोरेलिन, जीएचआरपीची सगळी भावंडं, हेक्झारेलिन, इपामोरेलिन, इब्युटामोरेन म्हणजे एमके-६७७, इतकंच काय निदानाची मॅसिमोरेलिनही. बंदी स्पर्धेपुरती नाही, बारा महिने आहे. नाडाची, म्हणजे तशाच भारतीय संस्थेची, माणसं घरी किंवा तालमीत येऊन नमुना घेऊ शकतात. भारतात २०२२ मध्ये त्यासाठी कायदाही संमत झाला. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, डबा कुणी दिला हा प्रश्न नंतरचा. या गटासाठी शिक्षेची सुरुवात चार वर्षांपासून होते. नमुना दहा वर्षं जपून ठेवून नव्या पद्धतीने परत तपासता येतो. पेप्टाइड स्वतः निघून गेलं तरी त्याने वाढवलेलं आयजीएफ-१ रक्तात मोजण्याची वेगळी चाचणी आहे.

डॉक्टरांनी खरोखर आजारासाठी असं औषध दिलं असेल तर आधी लेखी सवलत मागावी लागते. ताकदीसाठी ती मिळत नाही.

पॅकेजमध्ये सकाळी ग्रोथ हॉर्मोनची रक्तचाचणी केली, ०.१ आलं. लॅबवाला म्हणाला कमी आहे. औषधाच्या दुकानात 'जीएच बूस्टर' म्हणून आर्जिनिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. घेऊ का? वजन ६० किलो. – चिकोडी

०.१ कमी नाही, तो दोन लाटांमधला आकडा आहे. हॉर्मोन रक्तात वीसेक मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे निरोगी माणसाचंही दिवसातल्या बहुतेक वेळी शून्याजवळच येतं. जिने चढून लॅबमध्ये गेला असता तर कदाचित ४ आलं असतं. एकट्या आकड्यावर कुणीही निदान करत नाही. खरी शंका असेल तर आधी आयजीएफ-१, आणि मग ग्रंथीला मुद्दाम ढोसून घ्यायची चाचणी. त्यासाठी प्रौढांत मॅसिमोरेलिन ही पिण्याची औषधी आहे, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्य झालेली. आठ तास उपाशी राहून वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम प्यायची, मग ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांनी रक्त. चारांतला सगळ्यात मोठा आकडा २.८ नॅनोग्रॅमच्या खाली राहिला तर कमतरता.  आपल्याकडे ही तपासणी बहुधा इन्सुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन, रुग्णालयात, नजरेखाली करतात.

आर्जिनिनही तपासणीत वापरतात. किलोमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ३० ग्रॅम. तुमच्या डबीच्या हिशेबाने ६० गोळ्या, आणि त्याही तोंडाने नव्हे, शिरेतून, अर्ध्या तासात.